थिएटरात तुझं नाव ओरडलो

डेट्रॉइट, ११ मार्च १९७४

माझ्या ओडेसाला, लांबूनच जवळ घेऊन,

मी बरा आहे. कारखान्यात काम आहे, खोकला जवळजवळ गेला. आईचे गुडघे कसे आहेत?

शनिवारी एकटाच सिनेमाला गेलो. नायिका आपल्यातली, तुझ्याच रंगाची, केस चांगले टोपलीएवढे फुलवलेले. आजवर आपली बाई पडद्यावर दिसायची ती गोऱ्यांच्या घरी ताटं उचलताना. हिनं वस्तीत गर्द विकणाऱ्या गोऱ्याला असा ठोसा हाणला, की अख्खं थिएटर उभं राहिलं. "हाण, ताई, अजून एक हाण!" लोक ओरडत होते. मीही ओरडलो, पण तोंडातून निघालं, "ओडेसा!"

शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय रे, ओळखतोस की काय हिला?"

"बायको आहे माझी."

"मग इथं एकटा काय करतोस? जा की तिच्याकडे!"

सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर पडद्यावर काय चाललंय ते मला दिसेना.

जॉर्जिया सोडून तू इकडे येणार नाहीस, हे मला कळून चुकलंय. ईस्टरला मीच येतो. एकदा 'राहा' म्हणालीस, तर डेट्रॉइटला परत फिरणार नाही.

तुझाच,
क्लीव्हन