बाईसाहेबांच्या झोपेचं वेळापत्रक

सोमवार, ११. सकाळी ७.१०
आजपासून मोहीम सुरू. महिनाभराची रजा टाकली आहे. बाईसाहेब आज पाच महिने चार दिवसांच्या झाल्या आणि दिवसा एकदाही कॉटमध्ये झोपलेल्या नाहीत. झोपतात त्या आईच्या खांद्यावर, तेही आई चालत असेल तर. आई टेकली की यांना लगेच कळतं.

बायकोला एक तारखेला लॅबमध्ये हजर व्हायचंय. नाही झाली तर तिची जागा दुसरीला, आणि ही गावाबाहेरच्या सेंटरवर रक्त काढत बसणार. कोपऱ्यावरच्या पाळणाघराच्या काकूंची अट एकच: मूल खाली ठेवल्यावर झोपलं पाहिजे. खांद्यावरची मुलं घेत नाही, म्हणाल्या. मुलं चौदा आहेत, खांदे माझे दोन. पंचवीसला ट्रायल.

तोवर बायको रोज नऊ ते दोन नव्या मशीनच्या ट्रेनिंगला जाणार. घरी मी. बस डेपोत अकरा वर्षं वेळापत्रकं करतोय. एकशे चाळीस गाड्या बसवतो, साडेसहा किलोचा एक जीव बसवता येणार नाही? असं तिला म्हटलं. ती बरं म्हणाली. नुसतंच बरं.

दुपारी १२.४०
वेळापत्रकानुसार झोप १०.१५. प्रत्यक्षात १०.१५ ला बाईसाहेब पंख्याकडे बघून हसत होत्या. ११.०५ ला खांद्यावर घेतलं. ११.५० ला झोपल्या. कॉटमध्ये ठेवायला वाकलो, कंबर कटकन वाजली, जाग्या. असो. पहिली फेरी लेट असतेच.

मंगळवार, १२
चार्ट तयार केला. हिरवा म्हणजे झोप, लाल म्हणजे जाग, निळा म्हणजे तपासणी. तपासणी दर दहा मिनिटांनी. गाडीवर चेकर नसेल तर कोण कुठे उतरलं कळत नाही, तसंच हे.

आणि यश! १०.३२ ला कॉटमध्ये झोपल्या. दार लावून बाहेर आलो. १०.४२ तपासणी. नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास चालू. १०.४३ जाग. कारण: वरच्या मजल्यावर सुतारकाम चालू आहे.

बुधवार, १३
१०.५० झोप. ११.०० तपासणी, श्वास चालू, सर्व समाधानकारक. ११.०१ जाग. कारण: सुतार. या माणसाला टायमिंग बरोबर साधतं.

गुरुवार, १४
वर जाऊन सुताराला दोन शब्द सुनावले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की साहेब, सनमायका यायचाय म्हणून तीन दिवस मी नुसता बसून आहे, हातोडीला हातही लावलेला नाही. मग आवाज कुठून येतो, असं विचारलं तर तेलाची बाटली घेऊन खालीच आला. आतल्या खोलीचं दार दोनदा उघडलं-मिटलं आणि बिजागरीला तेल घातलं. म्हणाला, दार फार बोलतंय तुमचं. एवढं सारखं कोण उघडतं? मी म्हटलं, ती प्रोसिजर आहे. असं होय, म्हणाला आणि गेला.

शुक्रवार, १५
दार आता मुकं झालंय. १०.२० झोप. १०.३० तपासणी, श्वास चालू. १०.३१ जाग. कारण: दात. (अजून दिसत नाहीत, पण येणार आहेत.)

शनिवार, १६
सासूबाई आल्या. मी चार्ट समजावून सांगत होतो तेवढ्यात त्यांनी बाईसाहेबांना कॉटमध्ये ठेवलं, दोनदा थोपटलं, दार ओढलं आणि भाजी निवडायला बसल्या. आत सामसूम. मी उठलो तर म्हणाल्या, बसा हो जावईबापू, झोपलीय ती. वीस मिनिटं बसलो. शेवटी बाथरूमला जातो म्हणून उठलो आणि वाटेत जरा पाहून आलो. श्वास चालू. लगेच जाग. दुसऱ्याच्या हाताने झोपवल्यावर असंच होणार, झोप कच्ची राहते.

निघताना सासूबाई लेकीच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. ही माझ्याकडे बघून हसली. माझं कौतुक चाललं असावं.

सोमवार, १८
झोप नेमकी कुठे तुटते ते शोधलं पाहिजे. म्हणून तपासणी दर पाच मिनिटांनी केली. आज बाईसाहेब सहा वेळा झोपल्या आणि सहा वेळा उठल्या. म्हणजे झोपायचा सराव होतोय. चार्टवर एकूण पंचेचाळीस मिनिटं हिरवा रंग. त्यातली पंधरा खांद्यावरची आहेत, पण गाडी स्टँडवर लागायचा वेळ फेरीतच धरतात.

चहा तीनदा गरम केला. तीनदा गार झाला. तसाच प्यायलो.

मंगळवार, १९
दाढी करायची राहिली. कालही राहिली होती. बाकी कालच्याप्रमाणे.

बुधवार, २०
आज घोटाळा झाला. १०.२५ ला बाईसाहेबांना ठेवलं आणि तिथेच जमिनीवर पाठ टेकली, एक मिनिटासाठी. डोळे उघडले तर ११.४०. धावत कॉटशी गेलो. बाईसाहेब झोपलेल्या. बोट धरलं. श्वास चालू. जाग.

मधल्या पंच्याहत्तर मिनिटांत काय झालं याची नोंद नाही. आमच्या डेपोत नोंद नसलेली फेरी झाली असं मानत नाहीत. लाल केलं. असा हलगर्जीपणा पुन्हा होता कामा नये.

शुक्रवार, २२
बायको चार्टसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, सोमवारी ट्रायलला आईला पाठवूया का? मी म्हटलं, अभ्यास मी केला आणि परीक्षेला दुसरं कोणी? ती खुर्चीत बसली. म्हणाली, मला ती जागा हवी आहे रे. सहा वर्षं लागली तिथवर यायला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी गॅरंटी दिली. मग चार्ट पहिल्यापासून वाचला. सासूबाईंचा शनिवार सोडला तर बारा दिवसांत माझ्या नोंदीतली सर्वांत मोठी झोप चौदा मिनिटांची आहे.

रविवार, २४
काकूंसाठी चार पानी सूचना टाइप केल्या. परिशिष्टात जाग येण्याची संभाव्य कारणं: दात, प्रकाश, मोजे, हवामान, सुतार. यातूनही नाही झोपली तर दोष पद्धतीचा नाही, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. पण मग बायको लॅबमध्ये काय सांगणार? हे कुठल्या पानावर लिहायचं ते सुचलं नाही.

सोमवार, २५. दुपारी ३.००
क्रमाने लिहितो.

९.५० ला पोचलो. काकूंनी बाईसाहेब घेतल्या, कागद घेतले, कागद कपाटावर ठेवले. मला व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. १०.१५ ला आत शांतता. १०.२५ ला मी खिडकीशी गेलो. सगळी मुलं ओळीने झोपलेली, आमची भिंतीकडून तिसरी. छाती हलतेय की नाही ते दिसेना म्हणून गजाला नाक लावलं. तिने डोळे उघडले, थेट माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

काकू उठल्या. रागावल्या नाहीत. खिडकीशी आल्या आणि पडदा ओढला. थोड्या वेळाने रडणं थांबलं. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी बाकावर बसून पडद्याकडे बघत होतो.

१२.०५ ला काकू तिला घेऊन बाहेर आल्या. गालावर चादरीच्या घड्या उमटलेल्या. काकू म्हणाल्या, मुलगी पास. एक तारखेपासून आणा. फक्त वडिलांनी फाटकापाशी सोडायचं, आत यायचं नाही. मी विचारलं, मध्ये कोणी तपासलं का? त्या म्हणाल्या, झोपलेल्या मुलात तपासायचं काय असतं?

रात्री ८.३०
बायकोला सगळं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. तिने चार्ट आणून टेबलावर पसरला आणि बोट फिरवत गेली. प्रत्येक लाल खुणेच्या आधी निळी खूण. तुझ्याच अक्षरात आहे, म्हणाली. तिच्या आईने त्या शनिवारी निघतानाच सांगितलं होतं तिला. बाप बाहेर बसवा आणि पडदा हाताशी ठेवा, असा फोनही बायकोने काकूंना गेल्या शुक्रवारीच केला होता.

मग मला का नाही सांगितलंस, म्हटलं. ती म्हणाली, सांगणार होते. पण तिकडे ट्रेनिंगमध्ये बसले की वाटायचं, कोणीतरी दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघतंय. म्हणून तिथे मन लागायचं.

आता इथे लिहायला हरकत नाही. मुलगी तीन दिवसांची होती तेव्हा दवाखान्यात इतकी निपचित झोपली होती की मी ओरडून नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, बाळं अशीच झोपतात. ते मला तेव्हा पटलं नाही. अजून पटलेलं नाही. मी तिला झोपवत नव्हतो. मला ती झोपली की भीती वाटायची, म्हणून उठवत होतो.

सोमवार, १
८.४० ला फाटकापाशी सोडलं. रडली नाही. काकूंच्या खांद्यावरून मागे बघेल म्हणून थांबलो. काकूंच्या कानातलं बघत आत गेली.

बायको लॅबमध्ये वेळेवर हजर. माझी रजा अजून दहा दिवस आहे. घर झाडून काढलं. कॉटची चादर सरळ केली.

१०.४० ला बायकोचा फोन. हळू बोलत होती, मशीनपाशी होती बहुतेक. झोपली असेल ना, म्हणाली. मी म्हटलं, झोपली असणार. मग म्हणाली, तू जरा लांबूनच बघून येतोस? काकूंना कळू देऊ नकोस.

चपला घालून गेलो. खिडकीला पडदा होता. फाटकाचा आवाजही केला नव्हता, तरी आतून काकू म्हणाल्या, झोपलीय, घरी जा.

परत येऊन बायकोला फोन केला. पाहून आलो, गाढ झोपलीय, छाती नीट हलतेय, असं सांगितलं. ती म्हणाली, बरं, आता कामाला लागते.

मला काहीही दिसलं नव्हतं.