गटारातला जोड

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाकडे तुमचं बरं चाललं आहे हे कळलं. नातीनं तुमचा चष्मा लपवला हेही कळलं. तिला रोज पाढे म्हणायला लावत असाल, तर मी तिच्या बाजूची.

फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून लिहिते. बाजारगल्लीतल्या पिण्याच्या पाइपाचा आपला गटारातला जोड पुन्हा झिरपतो आहे. पाणी बंद झालं की गटाराचं पाणी पाइपात ओढलं जातं. धोब्याची मुलगी तापानं अंथरुणाला खिळली आहे. उपाय तुमच्या वेळच्या साहेबांनाही माहीत होता: पाइप रस्त्याच्या पलीकडून न्यायचा. आराखडा मंजूर आहे, पाइप गोदामात पडून आहेत. पण रस्ता खणायचा तर दुकानं बंद ठेवावी लागतील, आणि ते कोणालाच नको. आता तुमच्या पाणीखात्यात मी आहे, पण आताच्या साहेबांना विचारलं की म्हणतात, जोड धरतोय ना, मग पुढच्या वर्षी बघू.

बाबा, जोड धरतो कारण निवृत्त होऊनही तुम्ही येऊन बांधून जाता. तुमची पट्टी थोडे दिवस घट्ट राहते, मग सैल पडते, तोवर सगळे विसरलेले असतात. या वेळी त्यांनी बोलावलं तर येऊ नका.

जास्त बोलले असेन तर कान धरा, माया आटवू नका.

तुमची,
धाकटी


१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आमचीच मांजर आणि आम्हालाच म्याव. गटाराच्या फरशीखाली दंडापर्यंत हात घालून, न बघता सायकलची ट्यूब गुंडाळायची, हे माझ्याखेरीज कोणाला जमलं नाही. गल्ली मला जादूगार म्हणायची, ते काय उगाच? मी बांधलं म्हणून लोक पाणी प्यायले, आणि तू म्हणतेस, म्हणूनच आजारी पडले. तहानलेल्याला आराखडा पाजता येत नाही, बाई.

पण तू कधी काही मागितलं नाहीस. येणार नाही. मात्र गल्ली गप्प बसायची नाही, ती तुझ्या दारात येईल. धोबिणीला पाणी उकळून द्यायला सांग. वेळेवर जेव, आणि म्हाताऱ्यावर थोडा जीव असू दे.

बाबा


२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा जोड फुटला. साहेबांनी तुम्हाला फोन केला, तुम्ही गुडघ्याचं कारण सांगितलंत, हे त्यांनीच मला सांगितलं. मग पहिल्यांदाच ते स्वतः गटारापाशी आले. बाबा, खणायचा हुकूम निघाला. सोमवारपासून शटर खाली ठेवायला दुकानदारही राजी झाले. फळवाला विचारत होता, जादूगार रुसले का.

तोवर टँकर येतो, पण तो गल्लीत वळत नाही, आणि प्रसूतिगृह अगदी आतल्या टोकाला. बायका बादल्या वाहतात, त्या पुरत नाहीत. साहेब मला म्हणतात, सोमवारपर्यंत कळ काढा. कळ काढायची मी, आणि कळा येतात त्या आतल्या बायकांना. घास उतरत नाही. मी बरोबर करते आहे ना, एवढं कळवा. रागात असाल तरी कळवा.

धाकटी


४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बरोबर करते आहेस. पिशवीत ट्यूब भरून ठेवली आहे. तू हो म्हणालीस तरच निघेन. दादा म्हणतो, दोघंही सारखेच हट्टी. हे पत्र मिळताच दोन ओळी टाक, वाट बघायला लावू नकोस.

बाबा


७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

येऊ नका, गरज उरली नाही.

शनिवारी प्रसूतिगृहातली नर्स ऑफिसात आली. भांडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं दोन्ही हात पुढे केले. तिला ते धुता आले नव्हते.

मी फरशीखाली हात घातला. लहानपणी अंगणातल्या नळावर तुम्ही माझ्या डोळ्यांना फडकं बांधून ट्यूब गुंडाळायला शिकवलं होतंत, अक्षरं गिरवायच्या आधी. बोटं काही विसरली नव्हती. जोड धरला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

सोमवारी शटर वरच होती. दुकानदार म्हणाले, आता कशाला. साहेबांनी पाठ थोपटली आणि आराखडा कपाटात ठेवला. धोब्याच्या दारावरून जायला नको म्हणून मी लांबून घरी येते. मुलगी आज उठून बसली, असं कळलं. पट्टी सैल होईपर्यंत बरी राहील.

खांदा फार दुखतो आहे. तुम्ही काय लावायचात, ते कळवा. आणि आता तरी माझ्यावर रागावू नका, तुमच्या वाटणीचं मीच रागावते आहे.

तुमची,
धाकटी