कमरेला दिसू नये असं

आबा,

या देशात येऊन मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. घरामागचा लाकडी डेक, बारा फूट बाय सोळा, त्याच्या पाच पायऱ्या, आणि त्या पाचांत पाव इंचाचाही फरक नाही. स्वयंपाकघरातली सगळी कपाटं; दारं अजून आपोआप मिटतात. लेकीचा पलंग. दुकानातलं टेबल, ज्यावर मी टीव्ही आणि व्हीसीआर उघडतो. मंडळाच्या गणपतीचं घडीचं मखर, ज्यात एकही स्क्रू नाही. आरतीच्या आधी दहा मिनिटांत उभं राहतं आणि विसर्जनानंतर एका गाडीच्या डिकीत मावतं. आणि या थंडीत केलेलं पिस्तुलाचं चामड्याचं म्यान, इथं ज्याला होल्स्टर म्हणतात ते, पँटच्या आत कमरेला खोचायचं.

यातलं सगळं मी आपलं आपण शिकलो, असं लोकांना सांगतो. सुतारकाम लायब्ररीतल्या पुस्तकांवरून, टीव्हीची दुरुस्ती टपालानं येणाऱ्या धड्यांवरून. ते खरंच आहे आणि त्याचा मला गर्वही आहे. ‘कुठलं कॉलेज?’ असं कुणी विचारलं की ‘कुठलंच नाही’ म्हणताना माझी मान थोडी ताठ होते, हे बायकोनं कितीदा तरी दाखवून दिलंय. फक्त यादीतली शेवटची वस्तू त्यात बसत नाही. ती मला तुम्ही शिकवलीत. आणि बायको सोडली तर इथल्या एकाही माणसाला ठाऊक नाही की माझे वडील कोल्हापूरजवळच्या एका गावात ओट्यावर बसून चपला करायचे. मी कधी खोटं सांगितलं नाही. ‘वडिलांचा छोटा व्यापार होता’ एवढंच म्हणतो, आणि विषय बदलतो.

पिस्तूल कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत. ऑक्टोबरात दुकान बंद करून गाडीकडे चाललो होतो. आमच्या या रेडमंड गावचा पाऊस, तो पडत नाही, नुसता हवेत असतो. दोघं जण आले. एकानं माझ्या बरगडीला काहीतरी टेकवलं. पैशाची पिशवी दिली, घड्याळ दिलं, आणि वर त्याला ‘सर’ म्हणालो. दोनदा. माराचं भय कधीच गेलं, पण ते ‘सर’ माझ्या घशातून जाईना. पोलीस ठाण्यातल्या माणसानं सांगितलं की परवाना काढता येतो, बोटांचे ठसे द्यायचे, फी भरायची, मग अंगावर झाकून बाळगता येतं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, “अहो, डोकं फिरलंय का तुमचं? मी रोज हॉस्पिटलात, इमर्जन्सीत काय बघते ते सांगू का? घरात पोरगी आहे.” पोरगी वरूनच ओरडली, “डॅड, दॅट्स सो डम!” मी पिस्तुलाच्या आधी त्याला ठेवायची कुलपाची पेटी केली. तेव्हा बायको म्हणाली, “पेटी छान झालीय. तिच्यात माझे दागिने ठेवा.”

सलग सहा शनिवार मी बंदुकांच्या दुकानात गेलो. मालक म्हातारा, जाड भिवयांचा, डुगडुगत्या खुर्चीत बसून असायचा. मी वही घेऊन गेलो होतो. वहीत रकाने: जाडी, वजन, मुठीची लांबी, मुठीच्या मागच्या बाजूपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर. व्हर्नियर कॅलिपर माझा मी नेलेला. गोल फिरणाऱ्या चक्राचं रिव्हॉल्व्हर पहिल्याच दिवशी बाद केलं, कारण ते चक्र शर्टाखालून गळवासारखं वर येतं. मला चपटं हवं होतं, एक इंचाच्या आतलं. दुसऱ्या शनिवारी सगळ्यात पातळ जे मिळालं ते मी निवडलं आणि मागच्या रेंजवर भाड्यानं चालवून पाहिलं. आठ गोळ्यांत अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त आलं. ते इतकं आखूड होतं की वरचा सरकणारा भाग मागं येताना हाताचं कातडं धरत होता. ट्रिगरही खरबरीत, आधी अडायचा, मग एकदम सुटायचा. म्हाताऱ्यानं पट्टी दिली आणि म्हणाला, “तुझ्या वहीत हात कुठल्या रकान्यात आहे?”

मी बेचकं चोखत उभा होतो, आणि मला एकदम तुमचा ओटा दिसला. तुम्ही पाटावर बसला आहात, समोर कुणी पाटील नव्या चपलेत पाय घालून बसलाय आणि म्हणतोय, ‘चावंल की जरा, नवी हाय.’ आणि तुम्ही मान वर न करता म्हणताय, “चावायला काय कुत्रं हाय? काढा.” नवी चप्पल चावणारच असं सगळा गाव धरून चालायचा. तुम्हाला ते मान्य नव्हतं. गिऱ्हाईक बसून माप द्यायला लागलं की तुम्ही त्याला उठवायचात. “हुबं ऱ्हावा. वजन पडल्याबिगर पाय खरं बोलत न्हाई.” मग त्याला पिंपळापर्यंत चालायला लावायचात आणि परत येताना त्याच्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघायचात. तो कुणाशी तरी बोलायला लागला, पायात काय आहे ते विसरला, की तुम्ही म्हणायचात, “बसली.”

तिसऱ्या शनिवारी म्हाताऱ्यानं वही काढून घेतली. म्हणाला, डोळे मीट, उचल, भिंतीवरच्या घड्याळाकडे रोख, आता उघड. बहुतेक पिस्तुलं घड्याळाच्या वर नाहीतर डावीकडे पाहत होती. एक मात्र थेट घड्याळाच्या मधोमध. ते पहिल्यापेक्षा दोन मिलिमीटर जाड होतं. माझ्या वहीप्रमाणे ते बाद व्हायला हवं. मूठ मात्र तळव्यात भरली, करंगळीलाही जागा मिळाली. रिकामं आहे हे त्यानं दोनदा तपासलं, मला तपासायला लावलं, मगच ट्रिगर ओढू दिला. लांब, पण एकसारखा. कुठं अडत नाही, कुठं निसटत नाही. मेण लावलेली चामड्याची वादी भोकातून ओढताना हाताला जसं वाटतं, तसं. ती उपमा मला लगेच सुचली आणि मी ती कुणालाही सांगितली नाही. मग मी स्वतःहून म्हणालो, मला उभ्यानं पाहायचंय, चालून पाहायचंय. माझा पट्टा, माझा रेनकोट, आणि गाडीत बसल्यासारखं खुर्चीत बसून. म्हातारा हसला. “आता तू गिऱ्हाईक झालास,” म्हणाला.

पिस्तूल ठरलं, म्यान मिळेना. तयार म्यानं एकतर जाड, नाहीतर वाजणारी. इथं मला तुमची आठवण येऊन हसू आलं. तुमच्या चपलांची कीर्ती आवाजावर. तळात बी घालून तुम्ही अशी करकरणारी चप्पल करायचात की माणूस वळणावर असतानाच त्याच्या घरात चहा ठेवला जायचा. आणि मला हवं होतं असं कातडं की श्वास घेतला तरी हूं की चूं नाही. घोड्यांची खोगिरं करणाऱ्या एका दुकानातून झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं आणलं. गॅरेजमध्ये गुंडाळी उघडली आणि वास आला. बाभळ नव्हे, हिरडा नव्हे, इथलं कुठलं तरी झाड. पण मी दोन पावलं मागे सरलो, आबा. शाळेतून आल्यावर त्याच वासासाठी मी सदरा घराबाहेर उतरवून ठेवायचो, दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी नाक दाबू नये म्हणून. आणि तुम्ही ते पाहत होतात. कधी बोलला नाहीत.

बोललात ते एकदाच, मी तेरा वर्षांचा असताना. तुम्ही बाजाराला गेलेले, आणि मी हुशारी दाखवायला एका चांगल्या कातड्यातून आडवे तळ कापून ठेवले, पट्टीनं आखून, अगदी काटेकोर. तुम्ही आलात, एक तळ हातात घेऊन वाकवलात. तो भलतीकडेच ताणला गेला. “पट्टी बरोबर हाय तुझी,” म्हणालात, “जनावराला इचारलंस का कुठल्या अंगानं ताणतंय ते? मेलं म्हणून काय झालं, ओढ जात न्हाई त्याची.” त्या दिवसानंतर मी ओट्यावर बसलो नाही. म्हणालो, मी यंत्रं शिकणार. तुम्ही म्हणालात, “शीक की.” आणि मी अमेरिकेला निघालो, नर्सची नोकरी मिळालेल्या बायकोच्या मागोमाग, तेव्हा तुम्ही दोन वस्तू दिल्यात: माझ्यासाठी केलेला चपलांचा जोड, आणि फडक्यात गुंडाळलेली तुमची जुनी रापी, कातडं कापायची, अर्धचंद्रासारखी, घासून घासून निम्मी झालेली. जोड मी मुंबईला मेव्हण्याच्या घरी ठेवला. ‘विसरला’ असं तुम्हाला पत्रात कळवलं. विसरला नव्हता. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याची तार आली, आणि भाड्याचे पैसे नाहीत म्हणून मी आलो नाही. हे मात्र खरं होतं.

रापी आणली होती. गॅरेजच्या भिंतीवर तिच्यासाठी खिळाही नाही. ती खालच्या खणात असते. धार लावली आणि कापलं. आडवं नाही. आधी वाकवून, ओढ पाहून. हाताला सगळं ठाऊक होतं, मलाच ठाऊक नव्हतं. रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, ओल्या कातड्यात बसवलं आणि त्याची कड न् कड वर येईपर्यंत अंगठ्यांनी दाबत गेलो. ट्रिगर सगळा झाकला जाईल असा कान, म्हणजे बाजूचा पदर, ठेवला, तुम्ही चपलेला ठेवायचात तसाच, बाहेरून गोल. शिलाईच्या शेवटी गाठ आतल्या अंगाला लपवली. खिळा नाही, रिव्हेट नाही. दोन दिवस सुकवलं. कमरेला लावून रेनकोट घातला, बायकोसमोर चाललो, बसलो, वाकलो. ती म्हणाली, “काही दिसत नाही.” मग हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, “हे आबांचं आहे ना?” ती तुम्हाला एकदाच भेटली होती. मी म्हणालो, “पुस्तकात होतं.”

सहाव्या शनिवारी डॉक्टर माझ्याबरोबर दुकानात आले. पुण्याचे, मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या मनाचा माणूस. पोरीला न्यूमोनिया झाला तेव्हा तीन दिवस स्वतः येऊन तपासून गेले. गणपतीत रेशमी झब्ब्यावर कोल्हापुरी घालतात आणि सगळ्यांना पाय दाखवतात, “ओरिजिनल आहे, राव!” ती खिळ्याची आणि डिंकाची असते, वादीनं शिवलेली नव्हे. मला दाराबाहेर पाहूनच कळतं. सात वर्षं कळतंय. मंडळात कुणाची भिंत एक सूत बाहेर असली तरी मी सांगतो, पण चपलेबद्दल तोंड उघडत नाही.

म्हाताऱ्यानं म्यान हातात घेतलं. आत बोट घालून गाठ शोधली, सापडली नाही, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. “हे पहिल्यांदा केलेलं नाही,” म्हणाला. “हे एका पिढीत येत नाही. कुणी शिकवलं? वडिलांनी?”

आबा, प्रश्न इंग्रजीत होता. उत्तराला एक शब्द पुरला असता. डॉक्टर शेजारी उभे होते.

“नाही,” मी म्हणालो. “आपलं आपण. पुस्तक वाचून.”

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “आमच्या या माणसाला काय येत नाही ते विचारा! मखर काय, टीव्ही काय. उद्या चपलासुद्धा शिवेल हा!” आणि खदखदून हसले. त्यात विष नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या मनात काहीच नव्हतं, म्हणून तर ते इतक्या मोकळेपणानं बोलले. मीही हसलो. त्यांच्यापेक्षा जास्त वेळ हसलो. म्हातारा हसला नाही. तो म्यानाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता, तुम्ही फिरवायचात तसा.

पिस्तूल मी तीन आठवडे कमरेला लावलं. माप उत्तम होतं. कधी टोचलं नाही, वाजलं नाही, दिसलं नाही. पायात काय आहे ते विसरावं म्हणजे बसली, असं तुम्ही म्हणायचात. मी एक मिनिटही विसरलो नाही. आता ते पेटीत आहे, आणि म्यान इथं समोर टेबलावर, रापीशेजारी. हा कागदही त्याच खणात जाईल. बायकोला दाखवणार नाही. तिला यातलं कळून चुकलंच आहे.

एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. डॉक्टर गाडीकडे गेल्यावर म्हाताऱ्यानं मला थांबवलं. त्याच्या दुकानासाठी मी म्यानं करायची, हवी तेवढी सावकाश, महिन्याला वीस, एकाचे पंचेचाळीस डॉलर. आणि त्याची एकच अट होती: प्रत्येकावर, बाहेरच्या अंगाला, दिसेल असा, आपल्या आडनावाचा ठसा. मी नको म्हणालो.