सुधारलेल्या नवऱ्याची बायको

मी, मालन हरिश्चंद्र खडपे, माहेरची मालन साळसकर, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार मनवेलपाडा, विरार पूर्व, हा लेख स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे डॉ. सुमेधा म्हात्रे यांनी सांगितले आणि तसा दाखलाही दिला, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. रागात आहे का, असे कोणी विचारले तर आहे. पण तो राग दोन वर्षांचा झाला, म्हणजे रागाच्या भरात लिहिले असे म्हणता येणार नाही.

कलम १. मार्च २०१७ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात मी सर्व काही माझी भाची अक्षया मोहन साळसकर हिला दिले होते. सोसायटीत तिच्या नावाचे नॉमिनेशन आहे, तेही बदलण्याचा अर्ज दिला आहे. अर्जाची पोच कपाटात आहे.

कलम २. श्री. हरिश्चंद्र विठ्ठल खडपे हे माझे कायदेशीर पती. ते हयात आहेत. आमचा घटस्फोट झालेला नाही, मूलबाळ नाही. मी काही न लिहिता गेले तर माझे घर कायद्याने त्यांच्याकडे जाते, हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परेश चुरी यांनी मला सांगितले. त्याच संध्याकाळी मी लिहायला बसले.

श्री. खडपे वसईच्या बाजारात साड्यांच्या दुकानात होते. साडी ते स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत, आणि गिऱ्हाईक साडीकडे बघायचे की त्यांच्याकडे ते गिऱ्हाइकालाच कळत नसे. मलाही कळले नाही. १९८५ साली आमचे लग्न झाले. त्यांच्या हरिश्चंद्र या नावावर मी आयुष्यात पुष्कळ विनोद केले, इथे करत नाही. ते बाहेरख्याली होते, एवढे लिहिले की पुरे. दुकानातली एक, शिवणक्लासवाली एक, माझ्याच ऑफिसातली एक. मी ऑपरेटर. रोज शेकडो आवाज कानावरून जायचे. ते खोटे बोलू लागले की दुसऱ्या शब्दाला मला समजत असे.

त्या काळी एकाच गोष्टीचे सिनेमे यायचे. नायक दिसेल तिच्या मागे. मग एक हसरी, शहाणी मुलगी येते. ती रडत नाही, भांडत नाही, युक्तीने त्याला सरळ करते, आणि शेवटी तो चारचौघांत कान धरतो. आम्ही असा एकही सिनेमा सोडला नाही. ते हसायचे आणि मी शिकायचे. एका सिनेमातली नायिका स्वतःलाच दुसऱ्याच्या नावाने पत्रे पाठवते आणि नवरा जळफळतो. मीही एक पाठवले. त्यांनी वाचले, म्हणाले, "अक्षर छान आहे गं तुझं," आणि शर्टाला इस्त्री मागितली. दुसऱ्या सिनेमातली माहेरी निघून जाते आणि तो धावत येतो. मी देवगडला बावीस दिवस राहिले. तेविसाव्या दिवशी माझी मीच एसटीने परत आले. तिसऱ्यातली त्या दुसरीलाच घरी बोलावते. मी शिवणक्लासवालीला हळदीकुंकवाला बोलावले. तिच्याबरोबर तिची बहीणही आली आणि ह्यांना बहीण आवडली.

असे एकोणीस वर्षे चालले. २००४ साली ते वसईजवळच्या एका वाडीतील विनिता जयवंत सावे या फुलांचा व्यवसाय करणाऱ्या विधवा बाईंकडे राहायला गेले. तिथे ते सुधारले. वीस-एकवीस वर्षे झाली, त्यांच्याबद्दल दुसरे काही ऐकू आलेले नाही. सकाळी त्या बाईंची फुलांची टोपली बाजारापर्यंत नेतात, तिला चहा करून देतात असे सांगतात. मला ते वाईट निघाले याचे दुःख होते, ते मी गिळले. ते चांगले निघाले, हे मला अजून गिळता आलेले नाही.

कलम ३. अक्षया. माझा भाऊ मोहन आणि वहिनी दोघेही लागोपाठ गेली. २००१ साली नऊ वर्षांची अक्षया माझ्याकडे आली, ती शिक्षण संपेपर्यंत इथेच वाढली. आता ती गोरेगावला राहते आणि सिनेमाचे संवाद लिहिते. २०२२ च्या उन्हाळ्यात ती तीन दुपारी माझ्याकडे आली. मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, काकांचं सगळं सांग ना एकदा. तुझ्यावर लिहावं असं फार दिवस मनात आहे." मी सांगितले. पत्राचे, देवगडचे, हळदीकुंकवाचे. सांगताना मी हसले, हे खरे आहे. आपले आपण हसतो ते वेगळे असते.

डिसेंबर २०२३ मध्ये सिनेमा लागला. त्याचे नाव या कागदावर घेणार नाही. पहिल्या दिवशी तिने मला, शेजारच्या मार्थाला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सात बायकांना वसईच्या मॉलमध्ये नेले. मी नवी साडी नेसले होते. सिनेमात एक रंगेल सेल्समन असतो. त्याला एक फुलवाली मुलगी माणसात आणते. ती गोड, समंजस, कमी बोलणारी. सिनेमा तिचा आहे. त्याच्या घरी एक जाडी, कटकटी बायको आहे. ती स्वतःला प्रेमपत्रे लिहिते. बॅग घेऊन माहेरी जाते आणि आपली आपणच परत येते. ती पडद्यावर आली की लोक हसायला तयारच असायचे. माझ्या शेजारी बसलेली मार्था पहिल्या पत्राला हसली. दुसऱ्या प्रसंगाला तिने माझा हात धरला.

मग तो घर सोडून निघतो तो प्रसंग आला. हा प्रसंग मी त्या तीन दुपारी सांगितला नव्हता. कोणालाच कधी सांगितला नव्हता. ते बॅग घेऊन दाराशी उभे होते, स्वयंपाक झाला होता, आणि माझ्या तोंडून निघाले, "जेवून तरी जा." ते बसले. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, थोडा भात. मी वाढले. मग हात धुऊन गेले. बारा वर्षांची अक्षया आतल्या दाराआड होती. ते गेल्यावर तिने त्यांचे ताट उचलले, घासले, आणि माझ्या पाठीला टेकून बसली. आम्ही दोघी त्यावर एक शब्द कधी बोललो नाही.

पडद्यावर त्या जाड्या बायकोने म्हटले, "जेवून तरी जा." तो बसला, जेवला, ढेकर दिली आणि गेला. सगळे थेटर हसले. शिट्टीसुद्धा पडली.

शेवटी नावे आली. विशेष आभार: श्री. हरिश्चंद्र खडपे, श्रीमती विनिता सावे. म्हणजे ती त्यांच्याकडेही गेली होती. माझे नाव मी सगळी यादी संपेपर्यंत शोधले.

बाहेर पायऱ्यांवर ती धावत आली. "आत्या, कसा वाटला?"

"तू त्यांच्याकडे कधीपासून जातेस?"

ती म्हणाली, "वर्षभर. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

"आणि ते वाक्य?"

"आत्या, ती तू नाहीस गं. ते कॅरेक्टर आहे. लोकांना ते खरं वाटलं म्हणून तर हसले."

"ताट कोणी उचललं ते नाही दाखवलंस."

ती रडायला लागली. लोक बघत होते, काहीजण तिच्याबरोबर फोटो काढायला थांबले होते. मी मार्थाबरोबर रिक्षाने घरी आले. वाटेत मार्था एवढेच म्हणाली, "मालन, मी पहिल्यांदा हसले, माफ कर हां." तिला मी तिथेच माफ केले.

पुढचे वर्षभर बिल्डिंगमध्ये मला लोक विचारायचे, "काकू, काका आता खरंच सुधारलेत ना? किती गोड आहेत हो पिक्चरमध्ये!" भाजीवालासुद्धा ह्यांच्या बाजूने झाला.

कलम ४. घर. मनवेलपाडा येथील एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी असलेला माझा फ्लॅट मी १९९४ साली माझ्या पगारावर घेतला. तो स्वकष्टार्जित आहे, त्यात श्री. खडपे यांचा एक खिळाही नाही. तो मी श्रीमती विनिता जयवंत सावे, सध्या राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, यांना देते. माझ्या पश्चात त्या त्याच्या एकट्या आणि पूर्ण मालक होतील.

हे वाचून लोक माझ्या डोक्याविषयी शंका घेतील, म्हणून कारण लिहिते.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी दुपारी दाराची बेल वाजली. एक बाई कागदात बांधलेली सुकेळी, म्हणजे इकडची वाळवलेली केळी, घेऊन उभी होती. म्हणाली, "मी विनिता."

"ओळखते," मी म्हटले. तिला मी बाजारात एकदा लांबून पाहिले होते.

ती आत आली, पण खुर्चीच्या टोकावर बसली. म्हणाली, "ताई, ती मुलगी आमच्याकडे यायची, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच पाठवली असंल. शेवटी नावं आली, त्यात तुमचं नव्हतं, तेव्हा समजलं. तेवढंच सांगायला आले."

मी पाणी दिले. आणि वीस वर्षे जे विचारायचे होते ते विचारले. "तुम्ही त्यांना सुधारलंत कसं?"

तिला प्रश्नच समजला नाही. "मी? मी काहीच नाही केलं ओ. माझी वाडी, माझी फुलं, पहाटे उठून बाजार. हे कुठे जातात विचारायला मला वेळ कुठला? पहिली दोन-तीन वर्षं जायचेच कुठे कुठे. मग जाईनासे झाले."

"आपोआप?"

"आपोआपच."

मला वाटले होते ती एखादी युक्ती सांगेल. मी उठून गॅसवर चहा ठेवला, कारण तिच्यासमोर माझा चेहरा मला नको होता. माझ्या हातून काही राहून गेले नव्हते. ते दमले, आणि दमले तेव्हा तिच्या ओट्यावर बसलेले होते. एवढीच ती गोष्ट, आणि तिच्यावर अडीच तासांचा सिनेमा निघाला.

चहा पिताना मी विचारले म्हणून तिने सांगितले की सिनेमात घराण्याची अब्रू गेली असे म्हणून तिच्या दिरांनी खोल्या गणपतीपर्यंत रिकाम्या करायला सांगितल्या आहेत. घर, वाडी सगळे त्यांच्या नावावर. "मग कुठे जाणार?" मी म्हटले. "बघू," ती म्हणाली. तिने काही मागितले नाही. नंतर ती दोघे आचोळ्यात भाड्याच्या खोलीत गेली. फुले आता ती दुसऱ्याकडून घेऊन विकते.

हे औदार्य समजू नये. मी तिला माफ केलेले नाही. पण तिने माझे जे नेले ते सगळ्या वसईच्या डोळ्यांदेखत नेले. अक्षयाने माझ्या हातचे जेवून, मला आत्या म्हणत नेले. या दोन्हींतला फरक मला या वयात नीट कळतो.

श्री. खडपे यांना या घरात राहण्याचा स्वतःचा कोणताही हक्क राहणार नाही. विनिता सावे ठेवतील तोवर त्यांनी राहावे. त्या ज्या दिवशी जा म्हणतील त्या दिवशी जावे.

कलम ५. श्री. खडपे यांना मी माझी वांगी रंगाची इरकल देते. १९८४ साली त्यांनीच ती खांद्यावर टाकून मला विकली. विकलेला माल परत घेत नाहीत हे मला माहीत आहे. तरी घ्यावा.

कलम ६. बँकेतील ठेव प्रथम माझ्या आजारपणाला आणि उरल्यास अक्षयाला. हे मी तिच्या वडिलांना दिलेल्या शब्दाखातर करते.

दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. "आत्या, दुसरा भाग करतोय. यात तुझी बाजू येईल. तू जिंकशील." मी फोन ठेवला. म्हणून स्पष्ट लिहिते: माझे नाव, माझे बोलणे, माझ्या घरातील कोणताही प्रसंग तिने किंवा इतर कोणी सिनेमात वापरू नये. माझी बाजू या कागदात आहे. ती वाचायला तिकीट लागत नाही.

कलम ७. मार्थाला माझे इडलीपात्र हवे होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असे परेश म्हणाले, म्हणून ते तिला मी आज सकाळीच दिले.

कलम ८. व्यवस्थापक म्हणून मी परेश चुरी यांना नेमते. त्यांनी कोणाच्याही रडण्याला भुलू नये.

कलम ९. माझा अंत्यविधी. पतीच्या आधी मी गेले तर बायका मला हिरवी साडी नेसवतील, मळवट भरतील, ओटी भरतील आणि एकमेकींना सांगतील की भाग्यवान हो, अहेव गेली. यातले काहीही करू नये. माझ्या कपाळाला काही लावू नये. भाग्यवान हा शब्द माझ्या दारात कोणी उच्चारू नये. मी ऑफिसला जाताना नेसायचे त्या करड्या साडीतून मला न्यावे.

श्री. खडपे आले तर त्यांना खुर्ची द्यावी. पती म्हणून कोणताही विधी त्यांच्याकडून करून घेऊ नये.

अग्नी अक्षयाने द्यावा.

परेशने हे वाचून विचारले, "काकू, घर काढून घेतलंत आणि हे ठेवलंत?" मी म्हटले, घर माझे होते, ते मला काढून घेता आले. ती मात्र नऊ वर्षांची असताना रात्रभर माझा पदर मुठीत धरून झोपायची, तो पदर मी कुठल्या कागदावर परत मागू? तिला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मलाही तिच्याशिवाय कोणी नाही. ती आली तर तिला पुढे होऊ द्यावे. नाही आली, तर थोडा वेळ थांबावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, परेशने मोठ्याने वाचून दाखवला तोही ऐकला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकींसमोर केल्या.

स्थळ: मनवेलपाडा, विरार पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर
दिनांक: मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

(सही) मालन हरिश्चंद्र खडपे

साक्षीदार
१. (सही) मार्था ऑगस्टिन रुमाव, शेजारीण
२. (सही) डॉ. सुमेधा म्हात्रे