पाचव्या प्रश्नाचं उत्तर

१८ नोव्हें. ७४, सोमवार
आबांना सांगलीच्या दवाखान्यातून आणून नऊ दिवस. हृदय सुधारलं म्हणतात. माणूस सुधारला नाही. फौजेत चोवीस वर्षं काढलेला हवालदार सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडलाय. मिशीला पीळ नाही. भेटायला येणारे तर एकेक नमुने. आज एक पाव्हणा म्हणतो, "अजाबात हलू नका, हवालदार. आमचा मेव्हणा असाच बरा झालता, नुस्तं पानी प्यायला उठला आन्..." दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढला. आई चिडली. चिडू दे.

डॉक्टरबाईंचं म्हणणं, छातीच्या झटक्यानंतर मनही आजारी पडतं, तेही औषधात धरायचं. दर आठवड्याला एस.टी.चे हाल नकोत, त्या पत्रानं बघणार. पत्ता घातलेली कार्डं आणि आठ प्रश्नांचा कागद दिलाय. झोप, भूक, चालणं वगैरे. सोमवारी उत्तरं धाडायची, त्यावरून गोळी कमीजास्त. लिहायचं काम माझं. महिन्यात उभा करतो आबांना.

मी कराडचं कॉलेज सोडून आलो आणि तीन आठवड्यांनी आबांना झटका आला. गाव दोन्ही जोडतं. वर्कशॉपच्या मास्तरांची कॉलर धरली ती धरली. पुन्हा धरीन.

२२ नोव्हें.
बाईंचं पत्र. 'सकाळी अंगणात दहा पावलं.' मी ताठ उभा राहून मोठ्यानं वाचलं, हुकूम वाचतात तसं. आबा उठले! दहा मोजून झाले आणि परत खाटेवर आडवे झाले. तरी उठले. युक्ती सापडली.

सु.ला लिहिलं. चार पानं. त्यात आबा अर्ध्या पानात, बाकी ती.

२५ नोव्हें., सोम.
तीन दिवस उठलेच नाहीत. कार्डावर मात्र 'विहिरीपर्यंत चालतात' लिहिलं. आज ना उद्या चालतीलच, चार दिवस आधी कळवलं एवढंच. झोप बरी, भूक बरी. पाचवा प्रश्न: 'सकाळी जाग आल्यावर, जागच आली नसती तर बरं, असं वाटतं का?' लिहिलं: नाही. हवालदाराला असलं काय विचारायचं?

१ डिसें., रविवार
आष्टा स्टँडवर सु. भेटली. सांगलीला परत निघाली होती, मास्तरणीचा कोर्स मार्चला संपेल. एस.टी. यायला वीस मिनिटं. मी आमच्या पत्रानं चाललेल्या इलाजाची फुशारकी मारली. तिनं सगळं ऐकलं आणि,
"पाचवा प्रश्न वाचून दाखवलास त्यांना?"
"गरज काय? मला माहितेय."
"तुला सगळंच माहीत असतं. माझ्या घरी बघायला येणार आहेत, त्यावर मी काय सांगणार तेही."
"तू नाही म्हणणार."
"बघ. माझंही उत्तर तूच लिहून टाकलंस."
मी म्हटलं, जा मग. गेली. खिडकीतून बघितलंसुद्धा नाही. सायकल इतकी हाणली की चेन पडली.

३ डिसें.
पत्र आलं आणि घोटाळा झाला. 'विहिरीपर्यंत जाता हे वाचून आनंद झाला. आजपासून गोळी अर्धी करा.' मी वाचता वाचता थांबलो. आबांनी कागद हातातून घेतला.
"हिरीपतुर कोन गेलतं?"
मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.
"खोटा रिपोर्ट? आरं, आमच्यात कोर्टमार्शल व्हतंय याला! ह्यो इलाज कुनाचा चाललाय, माजा का तुजा?"
एवढा आवाज महिन्याभरात पहिल्यांदा. आई चुलीपासून धावत आली, "आवं, छाती!" आबा म्हणाले, "छातीला काय न्हाई झालं. ह्या गाढवाला इचार."
मला बोलणी बसली आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम.

मग आई गेल्यावर पाचवा प्रश्न वाचला. आबांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"रोज," म्हणाले.

मी 'नाही' लिहीत होतो. दर सोमवारी.

मग आबा म्हणाले, "कार्डावर लिवू नगंस. पोस्टमन वाचतोय, मग पारावर समदं गाव वाचतंय." म्हणून गप्प होते तर! उघड्या कार्डावर कोण मन लिहील? हे मला सुचायला हवं होतं. धावत जाऊन आंतर्देशीय आणलं. स्वतः लिहीत बसले. कड जिभेनं ओली करून चिकटवली. मी बघितलं नाही.

४ डिसें.
पोस्टात टाकलंच नाही. पहिल्या एस.टी.नं सांगलीला गेलो, बाईंच्या हातात दिलं. खोट्या उत्तरांचं सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट. वाचलं, दोनदा. "गोळी पहिल्यासारखी पूर्ण. आठवडाभर त्यांना एकटं सोडायचं नाही. तुम्ही आता लिहायचं नाही, फक्त बसायचं." बाकीचं आबांना त्यांच्याच नावानं, बंद पाकिटात कळवणार.

सु.चं कॉलेज तिथून फर्लांगभर. गेलो नाही. चिठ्ठी लिहून पहारेकऱ्याकडं दिली. एकच प्रश्न, माझ्याशी लग्न करशील का, आणि खाली जागा कोरी.

६ डिसें.
सोप्यात आबांजवळच झोपतो. काल रात्री बोलले, दोन वाक्यं. इथं नाही लिहीत, ती त्यांची. आज सकाळी अंगणात सात पावलं. सातच लिहितो.

सु.चं काही नाही. ती हो म्हणेल. म्हणेल असं वाटतं.

९ डिसें., सोम.
आबांनी आपण होऊन दाढी केली. खाट फिरवून घेतली, आता तोंड रस्त्याकडं. मी शेजारी. दोघं पोस्टमनची वाट बघतोय, दोघंही तसं म्हणत नाही.
अकराच्या सुमाराला त्याची सायकल वळणावर दिसली. मी उठलो.
"बस खाली," आबा म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले. "माजं मी घेतो. तुजं असलं तर आनतो."