साडूच्या मनगटावर

४ मार्च, रविवार

ते घड्याळ साडूच्या मनगटावर!

दुपारी दोघं जेवायला आले होते. पाण्याचा तांब्या घ्यायला त्यानं हात लांब केला, शर्टाची बाही मागे सरकली, आणि दिसलं. मुख्याध्यापिकाबाईंच्या नवऱ्याचं घड्याळ. स्विस, ऑटोमॅटिक, माझ्या जन्माआधीचं. दोन वर्षं मी त्याच्या मागे होतो.

"बाईंनी बोलावून दिलं," म्हणाला. इतक्या सहज, जणू कुणी छत्री परत केली.

५ मार्च

कामात लक्ष नाही. एका कवळीचे दोन दात वाकडे बसवले, काढून पुन्हा बसवले.

बाई मला प्रथम भेटल्या त्या याच खोलीत. डॉक्टर पुढे तपासतात, मी मागे कवळ्या बनवतो. रंग जुळवायचा म्हणून बाईंना खिडकीशी बसवलं होतं. त्यांनी वेळ बघायला पर्समधून ते घड्याळ काढलं, आणि मी दातांचे नमुने हातात धरून तसाच उभा. तबकडी कधीकाळी पांढरी असणार, आता सायीच्या रंगाची. आकडे नाहीत, नुसत्या बारीक सोनेरी रेघा. तारखेची खिडकी नाही. बाहीखाली दडेल इतकं पातळ. ज्यानं ते बनवलं, त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं.

त्याला चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की तेही हलतं, आणि त्यावर घड्याळ चालतं. या जुन्या धाटणीत ते पुरतं फिरत नाही, मध्येच आपटून माघारी येतं. ती हलकी टकटक मनगटाला जाणवते. माणूस हिंडता-फिरता आहे तोवर ते चालू. काढून ठेवलं की दीड दिवसात गप्प. मला वेड लागलं ते यापायीच. माझ्याकडे सात आहेत. हे आठवं व्हायचं होतं.

आणि साडूला हा नाद लावला कुणी? मीच.

७ मार्च

बायकोनं बहिणीकडून सगळी हकीकत आणली. बाईंच्या इमारतीची लिफ्ट तीन महिने बंद होती. साडूचं औषधांचं दुकान कोपऱ्यावरच. हा स्वतः चार जिने चढून गोळ्या पोचवायचा, चहा घेत बसायचा, त्यांच्या नवऱ्याच्या आठवणी ऐकायचा. घड्याळाचा विषय एकदाही काढला नाही म्हणे.

मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा घड्याळच मागितलं. "ह्यांची तेवढीच वस्तू उरलीय," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

"तुमचं तोंड का उतरलंय?" बायकोनं विचारलं. ॲसिडिटी, म्हणालो.

११ मार्च, रविवार

लिहू की नको? लिहितो. इथे कोण बघतंय.

साडूनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "साडूभाऊ, तुम्ही अजून नीट पाहिलंच नाही. सांगा कसं आहे." मी भिंग लावलं. तबकडी अस्सल. कारखान्यातून निघाली तशीच, फक्त वयानं पिकलेली. इतकी चांगली मी आजवर हातात धरली नव्हती.

म्हणालो, "तबकडी नंतर रंगवलेली आहे. फसलास."

त्याचा चेहरा पडला. माझ्या नजरेवर त्याचा भरवसा. पांढऱ्याच्या सोळा छटा मी रोज वेगळ्या करतो हे त्याला ठाऊक आहे. त्यानं घड्याळ मनगटावर न बांधता खिशात टाकलं. मी वर म्हणालोही, नको असेल तर मला दे, सुटे भाग कामाला येतील.

१२ मार्च

छान झोप लागली. याचीच लाज वाटते.

१८ मार्च, रविवार

साडूचं मनगट रिकामं. मनातल्या मनात खूश झालो. मग म्हणाला, "आपल्या घड्याळजीकडे दिलंय. रंगवलेलीच आहे, तर नवी झकास रंगवून घेतो. जुना थर खरवडायला लागेल म्हणे." आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी काय म्हणालो? म्हणालो, बरं केलंस.

१९ मार्च

खरवडणार. सत्तर वर्षांची साय, आणि कुणीतरी पातं घेऊन बसणार. फोन तीनदा उचलला, तीनदा ठेवला. काय सांगू त्याला?

२० मार्च

सुट्टी टाकून घड्याळजीकडे गेलो. पायऱ्या चढेपर्यंत धाप लागली. म्हटलं, ते घड्याळ कुठंय, हात लावू नका, तबकडी अस्सल आहे!

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. "ठाऊक आहे. तुमच्या साडूंनी गेल्या आठवड्यात सोमवारी आणलं, तेव्हाच सांगितलं मी त्यांना. घेऊन गेले ते लगेच."

म्हणजे बारा तारखेला.

म्हणजे परवाच्या रविवारी माझ्यासमोर बसून खरवडायची गोष्ट केली, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. त्यानं मला एक संधी दिली होती. मी म्हणालो, बरं केलंस.

२२ मार्च

बायकोला म्हटलं, या रविवारी त्यांना नको बोलवूया. तिनं कारण विचारलं. पुन्हा ॲसिडिटी म्हणालो. ती म्हणाली, ते येतील.

२५ मार्च, रविवार

आले. साडूच्या मनगटावर तेच घड्याळ. जेवणं झाल्यावर त्यानं खिशातून दुसरंच एक काढून माझ्यापुढे ठेवलं. "बघून सांगा. तुम्ही म्हणाल ते."

मी भिंग लावलं. वेळ घेतला. "ही तबकडी रंगवलेली आहे," म्हणालो. "तुझ्या हातातली अस्सल आहे. मला तेव्हाही दिसली होती."

त्यानं खुर्ची माझ्या शेजारी ओढली. म्हणाला, "मग आता मलाही शिकवा, ओळखायचं कसं."