शिळं पाणी

४ सप्टेंबर १९७७, रविवार

आली एकदाची पेटी! ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांची भोपाळला बदली झाली, त्यांनी जाताना माशांची काचेची पेटी ह्यांना देऊन टाकली. लोखंडी पट्ट्यांची चौकट आणि चारी बाजूंनी काच. रिक्षातून उतरवताना दोघांना घाम फुटला. बाहेरच्या खोलीत ठेवलीय, उन्हापासून दूर.

नेमक्या नणंदबाई आल्या होत्या कामठीहून, सिंधूताई. कडेवर पाचवी मुलगी. ही पाचवी आम्हाला देणार असं उन्हाळ्यापासून घरात चाललंय. माझी दोन गेली — एक सव्वा महिन्याचं, दुसऱ्याचं तर नावही ठेवलं नव्हतं. मी पोरीला घ्यायला हात पुढे केले तर सिंधूताई म्हणाल्या, "वैनी, पहले मासोळ्या तं जगवून दाखव, मंग पोरीचं पाहू! दसऱ्याले येईन तवा पाहीन."

सगळे हसले. मीही हसले. हसून साजरं करण्यात माझा हात कोण धरणार!

६ सप्टेंबर

कन्हान नदीची वाळू आणवली, धुऊन धुऊन हात सोलवटले. पेटी भरली. बर्डीच्या बाजारात ताराचंद म्हणून आहेत, त्यांचं माशांचं दुकान. त्यांनी बजावलंय — लगेच मासे सोडायचे नाहीत. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडू द्यायचं. मग दोनच चिवट मासे सोडायचे. त्यांच्या घाणीनं पाणी आधी गढूळ होईल, मग आपोआप निवळेल. एकदा असं निवळलं की त्यात काहीही जगतं. "पानी मुरलं पायजे बाई, लोणच्यासारखं. हात लावाचा नाही."

लोणचं मला जमतं. बघू.

११ सप्टेंबर

सासूबाईंची कटकट सुरू. "पानी कायले सडवून राहिली वं?"

त्यांचं पाण्याचं वेड जगावेगळं. पहाटे नळ आला की घरातलं झाडून सगळं पाणी मोरीत! हंडा, माठ, माझ्या उशाशी ठेवलेला तांब्यासुद्धा. मग चिंच आणि राख घेऊन घासणं, मग ताजं भरणं. काही बोलावं तर ती गोष्ट — लहानपणी गावच्या विहिरीपासून लांब घागर घेऊन बसायचं, शिवायचं नाही, कोणाला दया आली की वरून ओतायचे. तेही त्यांच्या बादलीत उरलेलं. "आता आपल्या घरात आपला नळ आहे. शिळं पानी ठेवाचंच कायले?"

कितीदा ऐकलीय. खरी आहे, म्हणून उलट बोलताही येत नाही.

१८ सप्टेंबर

दोन काळ्या मॉली सोडल्या, ताराचंदांनी सांगितलेले ते चिवट मासे. हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांत शिरतात, वर फेकल्या जातात, पुन्हा शिरतात. मूर्ख! ह्यांचा चहा गार झाला बघता बघता.

२१ सप्टेंबर

पाणी आरशासारखं स्वच्छ! ताराचंद म्हणाले होते गढूळ होईल. माझं झालंच नाही. आहे म्हणायचा हाताला गुण.

२४ सप्टेंबर

दोन्ही मेल्या.

२५ सप्टेंबर

काल पुढे लिहवलं नाही. हे सदरा अडकवून बाहेर गेले. सासूबाई पेटीपाशी उभ्या राहिल्या. आज गप्प. दुसरं मूल गेलं तेव्हा नव्हत्या गप्प. स्वयंपाकघरात शेजारणीला सांगत होत्या, "हिच्या हातचं जगत नाही, बाई." मी पडद्याआड होते, अंगावरचं दूधही आटलं नव्हतं. नऊ वर्षं झाली. त्यांना रोज वाढते, पाय चेपते, आजारपणं काढली. पण ते वाक्य अजून पचलेलं नाही.

आता मासे. हे तर कोणीही जगवतं! शाळकरी पोरं बरणीत जगवतात!

१ ऑक्टोबर

पुन्हा ताराचंदांकडे. बाटलीत पेटीतलं पाणी नेलं होतं, ते त्यांनी हुंगलं. "बदललं का जी?" म्हटलं, थेंबही नाही. "बाई, हे तं नवं पानी आहे. औषधाचा वास येऊन राहिला."

म्हणजे मी खोटारडी! महिनाभर पेटीत बोट बुडवलं नाही मी. तावातावानं आणखी दोन मॉली घेतल्या आणि आले.

६ ऑक्टोबर

त्याही गेल्या. हे म्हणाले, "सोडून दे ना. काहून जिवाले लावून राहिली?"

ह्यांना सोडणं सोपं आहे. ह्यांच्या हातांविषयी कोणी कधी बोललं नाही.

१३ ऑक्टोबर

पहाटे मी रोज दूध केंद्रावर रांगेत असते. आज गाडीच आली नाही, रिकाम्या बाटल्या घेऊन लवकर परतले.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात पेटीत. बाजूला नळाच्या ताज्या पाण्यानं भरलेल्या बादल्या. मगानं पेटीतलं उपसायचं आणि ताजं ओतायचं. वाळूसुद्धा मुठीमुठीनं चोळत होत्या.

"रोज करता?"

"रोजच तं. तू दुधाले गेली का करतो." तोंडावर अपराध नाही, उलट चोरून केलेलं चांगलं काम उघडकीस आल्यासारखं लाजल्या. "सिंधू तसं बोलली तवापासून मले चैन नाही. ते बोल पहले माह्याच तोंडातून निघाले होते ना वं. म्हटलं, निदान मासोळ्याइले ताजं पानी भेटलं पायजे. तुह्या हातचं जगलं पायजे."

आणि मी काय म्हणाले? मी ओरडले, "तुम्ही मारले! सगळे तुम्ही मारले!" मग ताराचंदांचं सगळं सांगितलं, औषध, घाण, मुरणं. एकेक शब्द तोडून, मतिमंदाला सांगावं तसं. त्यांनी हातातला मग खाली ठेवला.

हात पुसायलाही विसरल्या.

१४ ऑक्टोबर

झोप छान लागली! लिहायला लाज वाटत नाही. माझे हात स्वच्छ आहेत. दसऱ्याला सिंधूताईंसमोर, सगळ्यांसमोर सांगणार. वाक्यसुद्धा ठरवलंय. भांडी घासताना दोनदा म्हणून पाहिलं.

१५ ऑक्टोबर

दोन नव्या मॉली.

१७ ऑक्टोबर

पाणी दुधाळ झालंय. होऊ दे!

मात्र एक होऊन बसलंय. आज नळ आला आणि गेला, हंडे तसेच. कालचंच पाणी. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. म्हटलं, भरलं नाही? "मी नाही वं हात लावत आता." चिडले मी. मी काय हंड्यांबद्दल बोलले होते? मुद्दाम करतात. दुपारी त्या कालचं पाणी प्यायल्या. जन्मात पहिल्यांदा असेल.

मीही तेच प्याले. काही वेगळं लागलं नाही.

२२ ऑक्टोबर

काल दसरा झाला. दीक्षाभूमीवरून सगळे घरी आले, पाय धुळीनं माखलेले, पांढऱ्या साड्या मळलेल्या. सिंधूताई, त्यांचे मालक, पाची पोरी. मी चहा ठेवला नाही तोच पेटीकडे बोट केलं आणि म्हटलं ते वाक्य. "सिंधूताई, मासे मेले ते माझ्या हातानं नाही. तुमच्या आईंच्या हातानं मेले."

सासूबाईंनी मान हलवली. "होय. माह्याच हातानं."

सिंधूताई ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिल्या. "कोन्त्या मासोळ्या?"

आठवतच नव्हतं त्यांना! मी आठवण दिली तर कपाळाला हात. "अवो वैनी, मी तं असंच बोलली होती हासण्यावारी! अन् पोरीचं म्हनशील तं आमच्या सासऱ्यानं मागच्याच महिन्यात नाही म्हटलं. दादाले सांगतलं होतं ना मी. दादा, बोलला नाही का गा तू?"

हे चपलेचा अंगठा बघत होते.

चहा उतू गेला. सगळ्यांना अर्धा अर्धा दिला. पोरगी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती, जाताना सिंधूताईंनी ती उचलून नेली. ह्यांच्याशी काय बोलू? "तुले वाईट वाटलं असतं," म्हणे. आता काय मला बरं वाटतंय?

पण ह्यांचा राग करतेय आणि तो टिकत नाहीय. डोळ्यांपुढून हलत नाही ती सासूबाईंची मान. पाच नातींसमोर, जावयासमोर. कोणाला काही आठवतही नव्हतं, आणि मी त्या म्हातारीला भर घरात मारेकरी ठरवलं. तिनं तिचं वाक्य निदान स्वयंपाकघरात तरी म्हटलं होतं.

२६ ऑक्टोबर

पेटीतलं पाणी निवळलं. आपोआप. दोन्ही मॉली काचेला तोंड लावून काहीबाही खाताहेत. कोणाला सांगू?

२७ ऑक्टोबर

आज दुधाला गेले नाही. नळ आला, तसं घरातलं सगळं पाणी मोरीत ओतलं. हंडा चिंचेनं घासला, माठ धुतला, भरले. पहिला पेला सासूबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. अर्धा प्यायल्या, उरलेला माझ्यापुढे केला.

"घे वं. ताजं आहे."